बिट्टीची काळी फणी

रोगण वाळतं कसं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे कोणीतरी मध्येच विचारणार. ओले कपडे उन्हात वाळतात, भिंतीचा रंग वाऱ्यावर वाळतो. हे जपानी धर्तीचं रोगण मात्र ओलाव्यात वाळतं. आहे की नाही उलटा कारभार! झाडाच्या सालीला चरे पाडून काढलेला चीक तो. तो गाळायचा, घोटायचा, काळा करायचा, लाकडावर त्याचा पातळ हात द्यायचा आणि ती वस्तू ओल्या फडक्यांच्या दमट कपाटात ठेवून द्यायची. वाळलं की घासायचं, पुन्हा हात, पुन्हा कपाट. असे पंचवीस-तीस हात झाले की जी चकाकी येते, तिच्यात बघून भांग पाडावा.

दुसरी गोष्ट. हा चीक ओला असताना अंगाला लागला, तर माणसाची पार दशा करतो. खाज, पुरळ, फोड, डोळे मिटतील इतकी सूज. आतपर्यंत नीट वाळला, महिनोन्‌महिने मुरला, की मग अगदी गरीब होतो. त्याच्या तबकातून रोज जेवलात तरी काही होत नाही. नवे कामगार पहिले काही आठवडे सुजतात, रडतात, शिव्या घालतात आणि मग बहुतेकांच्या ते अंगवळणी पडतं. काहींच्या जन्मात पडत नाही.

रोगणबाईंना या चिकाने कधी काही केलं नाही. कारखाना त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा. रांगत होत्या तेव्हापासून त्या वासात वाढलेल्या. सगळ्या गल्लीत त्यांचं हेच नाव पडलं होतं, रोगणबाई. त्यांचा नवरा त्याच कारखान्यात पेट्यांचे सांधे करायला म्हणून आला आणि जावई होऊन बसला. सुतारबुवा माणूस कमी बोलायचा, पण बोलला की चिमटा काढल्याशिवाय राहायचा नाही. दोघांचं बरं चाललं होतं. मग बिट्टी झाली.

बिट्टी तीन महिन्यांची असतानाची गोष्ट. बाई कारखान्यातून आल्या, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, पोरीला मांडीवर घेऊन पाजलं. दुसऱ्या दिवशी पोरीचं तोंड असं सुजलं, की डोळे कुठे आणि नाक कुठे कळेना. ती रडायची थांबत नव्हती आणि बाई तिला उचलून घ्यायच्या तशी ती जास्तच रडायची. कातडीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले आणि चष्मा काढून ठेवला. "बाई, या घरात एकतर ही पोर राहील, नाहीतर तो चीक. दोन्ही नाही."

आप्पा तेव्हा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. पाच कामगार, अर्धवट झालेली कामं, आणि शेवटचे हात देणारं घरात दुसरं कोणी नाही. बाईंची धाकटी बहीण बसने दोन तासांवर राहायची, शिवणकाम करायची, एकटीच होती. ती आली आणि पोरीला दुपट्यात गुंडाळून म्हणाली, "मी आहे ना, ताई. दोनच वर्षं तर आहेत. आप्पांचं जरा सावरू दे."

त्या दोनाची चोवीस झाली.

लोक म्हणायचे, असली कसली आई! धंदा सोडून द्यायचा की सरळ. लोकांचं काय हो, बोलायला काय जातं? आप्पांचं औषधपाणी लोक करणार होते? पण खरं सांगायचं तर आप्पा गेले बिट्टीच्या चौथ्या वर्षी. तेव्हा कारखान्याला कुलूप लावता आलं असतं. बाईंनी लावलं नाही. रोगणाशिवाय आपल्याला काही येत नाही, असं त्या म्हणायच्या आणि तेही खरंच होतं. पण शेवटचा हात घासून झाल्यावर, बोटाच्या टोकाने तेल आणि बारीक पूड लावून चोळता चोळता मेलेल्या काळ्यातून जेव्हा चमक वर येते, तेव्हा त्यांना जे वाटायचं, ते सोडून द्यायला त्यांचा जीव होत नव्हता. हे त्यांनी कोणापाशी कबूल केलं नाही. स्वतःपाशी केलं होतं, आणि त्यासाठी स्वतःला कधी माफही केलं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या बहिणीकडे जायच्या. गुरुवारपासून कारखान्यात पाऊल नाही. तेलाने अंग चोळायचं, मग साबण, पुन्हा तेल, पुन्हा साबण. बहिणीच्या न्हाणीघरात त्यांचे वेगळे कपडे असायचे, आल्या आल्या ते बदलायचे. एवढं करूनही दोनदा घात झालाच. एकदा बिट्टी पाच वर्षांची असताना घड्याळाच्या पट्ट्यामुळे, एकदा केसांच्या अंबाड्यामुळे. दुसऱ्या वेळी बिट्टी सात वर्षांची होती. आठ दिवस तिला शाळेत जाता आलं नाही आणि वर्गातल्या मुलींनी तिला 'भोपळा' म्हणून चिडवलं. त्यानंतर बाईंनी खिडकीजवळची खुर्ची धरली, ती धरलीच. बिट्टी चित्र काढायची, ते मधल्या टेबलावर आणून ठेवायची आणि चार पावलं मागे जायची. मग बाई उठून ते उचलायच्या, "अगंबाई, काय सुरेख काढलंस!" म्हणायच्या. सुतारबुवांचं बरं होतं. त्यांच्या अंगाला नुसता भुसा. ते पोरीला खांद्यावर घेऊन जिना चढायचे-उतरायचे आणि बाई खुर्चीतून बघायच्या.

अकरा वर्षांची असताना बिट्टीने मावशीला विचारलं, "आईला मी आवडत नाही का गं?"

मावशीने पुन्हा सगळं रोगणपुराण सांगितलं. पोर म्हणाली, "ते माहीत आहे मला. पण समजा रोगणबिगण काही नसतं, तर तिने मला जवळ घेतलं असतं का?"

मावशीने हे फोनवर ताईच्या कानावर घातलं. घालायला नको होतं खरं तर. बाईंनी फोन ठेवला आणि दुपारभर एकच तबक घासत बसल्या. इतकं घासलं, की खालचं लाकूड दिसायला लागलं.

असो. बिट्टी शिकली, औषधांच्या दुकानात लागली, आणि एका शाळेत गणित शिकवणाऱ्या उंच, लाजाळू मुलाशी तिचं जमलं. मुलाला फार लांब नोकरी मिळाली होती. विमानाने अख्खा दिवस लागतो इतकी लांब. गुरुवारी नोंदणी कार्यालयात लग्न करायचं आणि शनिवारी निघायचं, असं ठरलं. हे ठरलं तेव्हा लग्नाला आठ महिने होते. तेव्हा तिने आईला फोन केला, स्वतःहून. एरवी मावशी फोन लावून द्यायची.

"आई, तुझ्या हातचं काहीतरी दे मला."

बाईंना आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे रोगणाचं. तुझ्या हातचं माझ्याकडे काही नाहीये. सगळ्या जगाच्या घरात आहे, माझ्याकडे नाही. केसांत खोचायची फणी दे. काळी. लग्नात घालीन मी."

"बिट्टी, तुला माहीत आहे ना..."

"पूर्ण वाळलेलं चालतं, तूच सांगायचीस. आठ महिने आहेत की! आणि हे बघ, सही करताना माझ्या शेजारी तू उभी राहायचीस. मावशी नाही. मी तिला विचारलंय, ती हो म्हणाली."

बाईंनी फोन ठेवला आणि रांधायचं-वाढायचं सोडून सुतारबुवांना दोनदा तेच तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागल्या तेव्हा सुतारबुवा म्हणाले, "अगं, कळलं. मलाही एक मुलगी आहे, तिचंच नाव बिट्टी."

फणी सुतारबुवांनीच कापली. कडक, बारीक रेघांचं लाकूड, सात दात. तीन फण्या त्यांनी स्वतःच नापास केल्या, चौथी बायकोच्या हातात दिली. बाईंनी त्या फणीला अठ्ठावीस हात दिले. कामगारांपैकी कोणाला कपाटाकडे फिरकू दिलं नाही. दातांच्या बेचक्यांत रोगण साचतं आणि आत ओलं राहतं, म्हणून एकेका बेचक्यात त्या कापसाची वात फिरवून बसायच्या. तीन महिन्यांत फणी झाली. मग तिला मऊ कापडात ठेवून दिली, मुरायला. वास गेला, अंगचा कडूपणा गेला. पाचव्या महिन्यात बाईंनी ती स्वतःच्या कानामागे चोळून बघितली, मग हसल्या. त्यांना काय होणार होतं डोंबल!

लग्नाला चाळीस दिवस उरले तेव्हा त्यांनी रोगणाच्या वाट्यांवर झाकणं घातली. मागच्या शेडमध्ये कामगार कामं करायचे, बाई तिकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. घरातल्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं उकळून काढलं. केस कापून खांद्यापर्यंत केले. जन्मभर नखांत बसलेलं काळं हळूहळू पुढे सरकत गेलं आणि महिन्याभरात नखं पांढरी झाली. सुतारबुवा एकदा त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "कोणाच्या बायकोचे हात घेऊन आलीस?"

बाई लाजल्या. पन्नाशी उलटलेली बाई, पण लाजल्या. गुरुवारी ते हात पोरीच्या खांद्यावर ठेवायचे होते.

आता इथपर्यंत सगळं नीट होतं. इथेच थांबता आलं असतं तर!

फणी रविवारी न्यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी ती पेटीत ठेवायला म्हणून काढली. या धंद्यात वस्तू हातावेगळी करण्याआधी एक गोष्ट करतातच. खिडकीसमोर धरून तिच्यात खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब बघतात. गज सरळ दिसला तर काम सरळ. बाईंनी फणी धरली. गज सरळ दिसला, अगदी ओळंब्यात. आणि गजाच्या थोडं डावीकडे एक कण दिसला. सुईच्या टोकाएवढा. शेवटच्या हाताखाली अडकलेली धूळ.

"अहो, हे बघा."

सुतारबुवांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "मला काही दिसत नाही."

"इथे. माझ्या नखाच्या वर."

"नाही बुवा."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून तर तुम्ही सुतार."

"आणि तुला दिसतं म्हणून तू वेडी. केसांत खोचायचीय ती, दुर्बिणीखाली ठेवायची नाही. पेटी बंद कर."

बाईंनी पेटी बंद केली. रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली. शनिवारी सकाळी सुतारबुवा लग्नासाठी बूट आणायला बाजारात गेले आणि बाईंनी पेटी उघडली. कण तिथेच होता, जाणार कुठे? त्यांनी मनाशी म्हटलं, जन्मात पहिल्यांदा पोरीने काही मागितलं, आणि तेही आपण डागाळलेलं द्यायचं? गिऱ्हाइकांना कधी दिलं नाही असलं. परक्यांच्या टेबलांवर आपलं बिनडाग काम, आणि पोटच्या पोरीच्या डोक्यात हे?

त्यांनी रबरी हातमोजे चढवले, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा वाटीवरचं झाकण काढलं. कोळशाच्या तुकड्याने तेवढा कण घासून काढला. तिथे फिकट जागा उरली. मग कच्च्या रोगणाचा बोळा फिरवला आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून घेतला. सगळ्या पाठीवरून फिरवावा लागला, नाहीतर जोड दिसला असता. याला हात म्हणतसुद्धा नाहीत. काचेवर श्वास सोडावा, तेवढा तो थर. फणी दमट कपाटात ठेवली. मोजे फेकून दिले, कपडे उकळत्या पाण्यात टाकले, आंघोळ केली.

दुसऱ्या कोणाची फणी असती तर एवढं चाललंही असतं. गिऱ्हाइकाला आठवडाभर थांबायला सांगतात, बस्स. बिट्टीसाठी त्यांचा स्वतःचाच नियम होता, निदान चार महिने. तो नियम त्यांनीच केला होता आणि तो त्यांना त्या क्षणी पुरता ठाऊक होता. विसर पडला, चूक झाली, असं काही म्हणू नका. त्यांनी सरळ स्वतःशी घासाघीस केली: इतका पातळ थर, एक दिवस-रात्र कपाटात, वरून स्पिरिटने पुसू, मग काय राहणार आहे? रविवारी सकाळी फणी बोटाला चिकटत नव्हती. वास नव्हता. गज सरळ दिसत होता आणि कण नव्हता. सुतारबुवांना त्यांनी काही सांगितलं नाही.

बहिणीच्या घरी मधल्या टेबलावर पेटी ठेवून बाई मागे सरकल्या. बिट्टीने पेटी उघडली. मग फणी तळहातावर घेऊन दिव्याखाली फिरवली. "बाबा, यात मी दिसतेय."

"मग? तुझ्यासाठीच केलीय," सुतारबुवा म्हणाले. "दात माझे आहेत हं. तोंडातले नाही, फणीचे."

बिट्टी हसली. मग फणी घेऊन ती टेबलाला वळसा घालून आली आणि आईच्या खुर्चीसमोर पाठ करून जमिनीवर बसली. "तूच खोच."

बाईंनी बहिणीकडे बघितलं. बहीण शिलाई मशीनवरचं कापड उगाच नीट करत होती. बाईंनी फणी घेतली. मुलीच्या केसांत बोटं घातली, एक वेढा दिला, दुसरा दिला. केस दाट होते, मऊ होते. हे त्यांना माहीत नव्हतं. चोवीस वर्षांच्या मुलीचे केस कसे आहेत, हे त्या माउलीला माहीत नव्हतं हो! त्यांनी फणी खोचली आणि हात तसेच राहू दिले. बिट्टीने डोळे मिटून डोकं जरा मागे टेकवलं, आईच्या गुडघ्याला. मग सुतारबुवांना एकदम खोकला आला आणि ते गॅलरीत गेले.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसून सगळा वेळ हसत होत्या. "गुरुवारी ती निळा ड्रेस घालणार आहे," असं त्यांनी नवऱ्याला तीनदा सांगितलं. सोमवारी बहिणीचा फोन आला, की कार्टी फणी काढायला तयार नाही, ती घालूनच दुकानात गेली. मंगळवारी फोन आला नाही.

बुधवारी सकाळी आला.

"ताई," बहीण म्हणाली, "तू म्हणाली होतीस, पाच महिने वाळलीय."

बाई तिथेच ओट्याला धरून खाली बसल्या. सुतारबुवांनी फोन घेतला, ऐकलं, ठेवला. बायकोकडे बघितलं. त्यांना विचारायची गरज पडली नाही. "त्या कणासाठी?" एवढंच म्हणाले.

मिळाली त्या पहिल्या बसने दोघं निघाली.

दार बहिणीने उघडलं. रडून रडून तिचेच डोळे सुजले होते. "इंजेक्शन दिलंय. डॉक्टर म्हणाले, आठवडा लागेल उतरायला. लग्न पुढे ढकलता येत नाही, शनिवारची तिकिटं आहेत. जावई सकाळी येऊन गेला. म्हणाला, मला काही फरक पडत नाही, उद्याच करू." मग आवाज चढला. "पण तिला पडतो ना फरक! काय केलंस तू हे, ताई?"

आतल्या खोलीत बिट्टी पलंगावर टेकून बसली होती. डोळे पार मिटलेले. कपाळ, कान, मान, सगळं लाल आणि फुगलेलं. केसांच्या कडेने फोड आलेले. ओठ जाड झाले होते. दोन्ही हातांची बोटं वळत नव्हती. ज्या मुलीला सात वर्षांची असताना भोपळा म्हटलं होतं, ती उद्या लग्न करणार होती आणि तिचा चेहरा आईने असा करून ठेवला होता. बाई उंबऱ्यातच थांबल्या.

"कोण? आई?" बिट्टीने तोंड आवाजाकडे वळवलं.

"हो."

"फणी किती दिवस वाळली होती?"

"पाच महिने," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि मग पुन्हा... एक दिवस."

"म्हणजे?"

"एक कण होता गं तिच्यावर. एवढासा. मला वाटलं, तुला द्यायची आणि तिच्यावर डाग... म्हणून मी परत..."

खोलीत मावशी मुसमुसत होती तेवढंच ऐकू येत होतं. बिट्टी ओरडली असती, काही फेकून मारलं असतं, तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मला चालला असता गं कण," ती म्हणाली.

"बिट्टी, माझं चुकलं. मी काय सांगू तुला, माझं फार चुकलं."

"तुझ्या हातचं हवं होतं मला, आई. चांगलं हवं होतं असं कुठे म्हटलं होतं मी?" तिच्या मिटल्या पापण्यांमधून पाणी आलं आणि ते गालावर झोंबलं असावं, कारण तिने श्वास आत ओढला. मग तिने सुजलेला हात पुढे केला, दाराच्या दिशेने, हवेतच. "जाऊ दे. आता आणखी काय व्हायचं राहिलंय मला? ये इकडे. जवळ ये. धर मला."

हात तसाच पुढे राहिला.

बाईंचे हात स्वच्छ होते. चाळीस दिवसांची पांढरी नखं, त्या एका कामाला घातलेले हातमोजे, नंतरच्या आंघोळी, त्या काहीही विसरल्या नव्हत्या. या हातांनी आता काही होणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पण रविवारी त्यांनी हेच हात त्या केसांत घातले होते. तीन महिन्यांची होती तेव्हा हेच, पाच वर्षांची होती तेव्हा हेच, आणि सातव्या वर्षीही. प्रत्येक वेळी त्यांना वाटलं होतं, की आता काही होणार नाही. समोर तो चेहरा होता. त्यांनी पाऊल उचलायला बघितलं आणि ते उचललं गेलं नाही.

"जा ना," मागून सुतारबुवा हळूच म्हणाले. त्यांनी पाठीला हातही लावला. "जा की गं."

"नको, बिट्टी," बाई म्हणाल्या. "आणखी वाढेल. तू बरी हो आधी. मग... मग मी..."

मग कधी? शनिवारी ती जाणार होती. हे खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं.

बिट्टीचा हात आणखी थोडा वेळ तसाच राहिला. तिला दिसत नव्हतं, त्यामुळे आई जवळ येतेय की नाही, हे ती ऐकून ठरवत असावी. मग तिने हात हळूच पांघरुणावर ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "मावशी, जरा पाणी देतेस?"

मावशी लगबगीने पुढे झाली, पलंगावर बसली, एका हाताने तिचं डोकं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने पेला तिच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवर सांडलं ते पदराने टिपलं. किती सहज केलं तिने सगळं! चोवीस वर्षं रोज करत आली होती. बाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या, शेवटी सुतारबुवांनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

जिन्यात दोघं उभी राहिली. खालच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला होता.

"हात स्वच्छ होते तुझे," सुतारबुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि चिमटाही नव्हता.

"माहीत आहे."

"मग?"

"मला जमलं नाही हो," बाई म्हणाल्या, आणि आता कुठे त्यांना रडू फुटलं. कठड्याला धरून त्या रडल्या, तोंडात पदर कोंबून, आत ऐकू जाऊ नये म्हणून. सुतारबुवा शेजारी उभे राहिले. त्यांनी डोळे पुसायला रुमाल काढला, आणि कोणाला द्यावा ते न कळल्यासारखा हातातच धरून ठेवला.

थोड्या वेळाने दार उघडलं. बहीण बाहेर आली आणि तिने पाठीमागे दार ओढून घेतलं. ती शांत झाली होती. ताईकडे न बघता ती चपलांच्या रांगेकडे बघून बोलली.

"उद्या या दोघं. ती बोलवतेय."

"मी?" बाईंनी विचारलं. "तिने सांगितलं?"

"हो. शेजारी मी उभी राहीन, तिला दिसत नाहीये, धरून न्यावं लागेल." पुढचं बोलावं की नाही, असं तिला झालं असावं. "म्हणाली, आईला सांग, लांब बसलीस तरी चालेल. मला सवय आहे."

बाईंनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवतच राहिल्या.

"किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.